वाटाड्याची साक्ष

गिर्यारोहणाचे वाङ्मय वाचताना निवेदक कोण, हा प्रश्न अगोदर विचारला पाहिजे. आल्प्समधील मॅटरहॉर्न हे ४४७८ मीटर उंचीचे खडकाळ शिखर १४ जुलै १८६५ रोजी प्रथम सर झाले. उतरताना दोर तुटून सातांपैकी चौघे मृत्युमुखी पडले. इंग्रज आरोहक एडवर्ड व्हिम्पर आणि टाउगवाल्डर पितापुत्र हे वाटाडे तेवढे वाचले. चौकशीत थोरल्या टाउगवाल्डरवर ठपका आला नाही. तथापि कमकुवत दोराच्या वापराविषयी त्याच्यावर आलेला संशय व्हिम्परच्या १८७१ च्या ग्रंथाने दूरवर पोहोचविला. थोरल्या टाउगवाल्डरची स्वतःची बाजू मात्र चौकशीतील उत्तरांपुरतीच राहिली. अशा ग्रंथांची शैली गौरवावी. परंतु त्यांतील एकपक्षीय साक्षीची छाननी टाळणे तौलनिक समीक्षेला शोभणारे नाही.