सगळं मस्त वगैरे

शुक्रवारी रात्री धाराशिवहून अण्णांचा फोन येतो. प्रश्न ठरलेले, उत्तरंही ठरलेली. जेवलास का? हो. ऑफिस? मस्त. साहेब? चांगले आहेत वगैरे.

हे 'वगैरे' मी हल्ली फार वापरतोय. कारण दोन महिने झाले, माझ्याकडे प्रोजेक्ट नाही. बेंचवर आहे. रोज कार्ड स्वाइप करायचं, एसीत बसायचं, सीव्ही पॉलिश करायचा, कॉफी प्यायची. घरी पत्ता लागू दिलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, कॉलम पुस्तकांचा आणि हा रडगाणं काय गातोय? थांबा जरा. पांडुरंग सांगवीकरकडेच निघालोय.

'कोसला' मी आमच्या गावात घेतली. जानेवारी २०२०. ९३वं मराठी साहित्य संमेलन, अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. गावाचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. २०२३ मध्ये ते धाराशिव झालं. पुस्तकांच्या स्टॉलवर सगळे घेतात म्हणून मीही घेतली. पन्नासेक पानं हसत हसत वाचली आणि ठेवून दिली. आता वेळच वेळ, म्हणून परत काढली. या वेळी हसू जरा कमी आलं.

भालचंद्र नेमाडेंची ही पहिली कादंबरी, १९६३ची. लेखक तेव्हा पंचविशीत, गोष्ट सांगणारा पांडुरंगही पंचविशीतलाच. खानदेशातल्या सांगवीचा हा मुलगा पुण्यात कॉलेजला येतो. होस्टेल, मेस, गॅदरिंग, मित्र. वडिलांचे पैसे उडतात, परीक्षा बुडतात आणि गडी परत गावी! मुलगा शहरात येतो, धडपडतो, मोठा होतो, हा आपला आवडता फॉर्म्युला इथं साफ उलटा. कोसला म्हणजे कोष. आपण फुलपाखराची वाट बघत बसतो आणि हातात कोषच राहतो.

पण मजा आहे ती बोलण्यात. पांडुरंगाच्या तोंडी सारखं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. उदाहरणार्थ म्हणून तो भलतंच उदाहरण देतो. काही मनाला लागणारं आलं की पुढे वगैरे जोडून मोकळा! मध्येच डायरीची तुटक पानं. कॉलेजात असताना मला वाटायचं, स्टाइल आहे, कूल आहे. आता वाटतं, ही पळवाट आहे. वगैरे म्हटलं की वाक्य पूर्ण करावं लागत नाही. पुढचा प्रश्नही येत नाही.

सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय'मधला होल्डन आठवतो? १९५१चा न्यूयॉर्कमधला पोरगा. शाळेतून काढलंय आणि घरी सांगायची हिंमत नाही. त्याचंही वाक्य 'अँड ऑल'वर संपतं. आणि दोघांच्याही घरात एक मरण आहे. होल्डनचा धाकटा भाऊ ॲली ल्युकेमियाने गेलेला. त्या रात्री होल्डनने गॅरेजच्या काचा हाताने फोडल्या होत्या. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते.

ती पानं वाचताना बघा. तोवर आपण पांडुरंगाच्या मस्करीला इतके सरावलेलो असतो, की आता हा काहीतरी बोलून हसवेल असं वाटतं. तो हसवत नाही. ती पोर गेली, एवढंच उरतं आणि तो त्याभोवतीच फिरत राहतो. आधीची शेकडो पानं तो एवढी थट्टा का करत होता, ते तिथं कळतं. नेमाडेंनी आधी वगैरेची सवय लावली, म्हणून त्याचा आधार सुटतो तेव्हा आपल्याला लागतं. समीक्षक याला शैली म्हणतील. मला ते आमच्या घरच्या फोनसारखं वाटलं.

तर, परवाचा शुक्रवार. अण्णांनी विचारलं, "ऑफिस कसं चाललंय?"

"अण्णा, दोन महिने झाले, काम नाही माझ्याकडे." पुढे काही जोडलं नाही.

फोनवर शांतता. मग, "पगार चालू हाय का?"

"आहे अजून. पुढचं माहीत नाही."

"मला वाटायलंच होतं. आवाज बसल्यावानी यायलाय तुझा." परत शांतता. "रविवारी ये. कुंथलगिरीचे पेढे आणून ठेवतो."

बस! ना लेक्चर, ना 'शेजारचा बघ कुठं पोचला'. दोन महिने मी कुणाला वाचवत होतो, देव जाणे.

बॅगेत 'कोसला' टाकली होती, अण्णांना वाचायला द्यावी म्हणून. मग पांडुरंग स्वतःच्या वडिलांबद्दल काय काय बोलतो ते आठवलं. पुस्तक परत कपाटात ठेवलं. एका महिन्यात एवढा खरेपणा पुरे.