ठराव एकमताने मंजूर, पण तिचा हक्क कुठे गेला?

2023 मध्ये नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील एका ग्रामपंचायतीने ठराव केला : आईवडिलांची संमती नसलेल्या प्रेमविवाहाची नोंद होऊ नये. त्याच वर्षी जुलैमध्ये गुजरातचे मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल यांनी मेहसाण्यात पाटीदार समाजाच्या कार्यक्रमात सांगितले की, राज्यघटनेत बसत असेल तर प्रेमविवाहाला पालकांची संमती सक्तीची करता येईल का, याचा अभ्यास करू. वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत अशा बातम्या आम्ही मुद्दाम वाचून दाखवतो. संताप होतोच. पण दर वेळी एखादा हात वर होतो आणि प्रश्न येतो, "सगळ्या गावाने मिळून ठरवले असेल, तर ती लोकशाहीच नाही का?"

"घटनेत तसे लिहिले आहे" एवढ्या उत्तराने या प्रश्नाचे समाधान होत नाही. लोकांची मते एकत्र करून समाजाचा निर्णय कसा काढायचा, याचा गणिती अभ्यास करणारी एक शाखाच आहे. तीनपेक्षा कमी नाहीत इतके पर्याय असतील, तर काही साध्या, रास्त अटी एकाच वेळी पाळणारी कुठलीही पद्धत हुकूमशाहीशिवाय सापडत नाही, हे केनेथ ॲरो यांनी 1951 मध्ये दाखवले. अमर्त्य सेन यांनी 1970 मध्ये त्याच वाटेने आणखी बोचरा प्रश्न विचारला : माणसाच्या खासगी आयुष्यातली एखादी तरी गोष्ट फक्त त्याच्यावर सोडायची, आणि सर्वांचे एकमत असेल तर ते मानायचे. या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदू शकतात का?

त्यांनी दिलेले उदाहरण 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीचे आहे. (हीच कादंबरी विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये कायम ठेवली होती.) प्रत एकच, माणसे दोन. एक सोवळा, दुसरा बिनधास्त. सोवळ्याला वाटते, हे पुस्तक कुणीच वाचू नये. अगदीच वेळ आली तर मी वाचीन, पण त्या बिनधास्ताच्या हाती पडायला नको. बिनधास्ताला वाटते, सोवळ्यानेच वाचावे, जिरेल त्याची. ते नाही तर मी वाचीन. पण पुस्तक न वाचता पडून राहणे सगळ्यात वाईट. आता सोवळ्याने वाचायचे की नाही हे त्याचे त्याने ठरवायचे, म्हणजे त्याच्यापुरते 'कुणीच नको' जिंकते. बिनधास्ताने वाचायचे की नाही हा त्याचा प्रश्न, म्हणून 'कुणीच नको'पेक्षा 'त्याने वाचावे' वरचढ ठरते. आणि बिनधास्ताने वाचण्यापेक्षा सोवळ्याने वाचलेले बरे, यावर तर दोघांचेही एकमत! कुठलाही पर्याय निवडा, दुसरा एक त्याच्यापेक्षा चांगला निघतो. नुसते रहाटगाडगे.

हे बुद्धिबळ वाटेल, पण यातला धडा गावच्या ठरावाला थेट लागू होतो. इथे अडचण बहुमताने आणलेली नाही. प्रत्येक जण राजी आहे असे शंभर टक्के एकमतही माणसाच्या हक्काशी भिडू शकते. मग ज्या ग्रामसभेत मुलगी एक तर हजर नसते, किंवा वडिलांच्या शेजारी मान खाली घालून बसलेली असते, तिथल्या 'एकमता'ची काय कथा? हा पेच उभा राहतो तो दुसऱ्याने कसे जगावे याबद्दलच्या आपल्या इच्छेमुळे. तिने कुणाशी लग्न करावे हे तिच्या मताइतक्याच वजनाने शेजाऱ्याचे मत मोजले, की हक्क गणितातूनच बाद होतो. आमच्या मते मतमोजणीआधी विचारायचे ते हे : हा विषय मताला टाकण्याचा आहे का?

4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याला घटक न मानता व्यक्तीला घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते. खेड्याच्या एकमताची किंमत कोण चुकवतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

पण हीच ढाल उलटीही वापरली जाते. "माझी खोली कुणाला भाड्याने द्यायची हा माझा खासगी प्रश्न," असे आडनाव ऐकून सांगणारा घरमालक आपल्याला भेटलेला आहे. तो आणि लग्न करणारी मुलगी एकाच पंक्तीत बसत नाहीत. ती स्वतःचे आयुष्य ठरवते. तो दुसऱ्याच्या जातीवरून त्याचे दार बंद करतो. खासगी हक्काची हद्द आखताना हा फरक सुटला, तर बहिष्कारही 'स्वातंत्र्य' म्हणून खपेल.

कायदा बराच स्पष्ट आहे. दोन सज्ञान व्यक्ती राजी असतील तर कुटुंबाची किंवा समाजाची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सांगितले. तरीही 1954 च्या विशेष विवाह कायद्यातली 30 दिवसांची जाहीर नोटीस घरच्यांना शोध घ्यायला पुरेशी ठरते. आंतरजातीय जोडप्याला 50 हजार रुपये देणाऱ्या आपल्याच राज्याने डिसेंबर 2022 मध्ये अशा विवाहांवर लक्ष ठेवणारी समिती नेमली होती. ओरड झाल्यावर काही दिवसांतच 'आंतरजातीय' शब्द वगळला. 'आंतरधर्मीय' मात्र राहिला.

जातिनिर्मूलनाचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, हे बाबासाहेबांनी 1936 मध्ये मांडले. 2011-12 च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशात असे विवाह सुमारे 5 टक्के आढळले. आपण त्यात वेगळे आहोत का? अलीकडे आमच्या भागातल्या एका बौद्ध वधू-वर मेळाव्याच्या फॉर्ममध्ये पोटजातीचा रकाना होता. आयोजकांना विचारले, तर म्हणाले, "आम्ही काय करणार? सगळ्या पालकांचीच मागणी आहे." फॉर्म ज्यांच्या नावाने भरला जातो त्या मुलामुलींना विचारले का, असे म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. पुढच्या मेळाव्याचा फॉर्म अजून छापायचा आहे.