'हा फायनल फँटसी वाटतच नाही!' जवळपास चाळीस वर्षं जुन्या गेमचे चाहते दर वेळी असं का म्हणतात?

डिसेंबर २०२५. गेमिंगच्या जगातला सगळ्यात मोठा मानला जाणारा 'द गेम अवॉर्ड्स' सोहळा. वर्षातल्या सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार मिळाला 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३' या गेमला. बनवणारी कंपनी फ्रान्सची, तीही नवखी. तिची मुख्य टीम जेमतेम तीसेक जणांची आणि हा तिचा पहिलाच गेम.

आनंद फ्रान्समध्ये झाला आणि वाद पेटला दुसऱ्याच एका गेमच्या चाहत्यांमध्ये. तो गेम म्हणजे जपानचा 'फायनल फँटसी'. कारण या फ्रेंच टीमने उघडपणे सांगितलं होतं की, लहानपणी खेळलेल्या जपानी गेम्समधूनच आम्हाला ही प्रेरणा मिळाली. चाहत्यांचा सवाल साधा होता. आम्ही इतकी वर्षं जे मागतोय ते एका नवख्या फ्रेंच कंपनीला जमतं, मग ज्यांनी ते जगाला दिलं त्यांनाच का जमत नाही?

आता हे चाहते नेमकं मागतायत काय? आणि त्यांचं म्हणणं किती खरं आहे? नीट समजून घेऊया.

आधी, फायनल फँटसी आहे तरी काय?

१८ डिसेंबर १९८७ रोजी जपानमध्ये 'स्क्वेअर' या कंपनीने पहिला फायनल फँटसी बाजारात आणला. तो बनवणारे होते हिरोनोबु साकागुची. 'कंपनी बुडायला आली होती, हा शेवटचा गेम म्हणून नाव फायनल' ही गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे वाचली असेल. पण खुद्द साकागुचींनीच नंतर सांगितलं की, त्यांना 'एफएफ' असं छोटं रूप होणारं नाव हवं होतं. आधी 'फायटिंग फँटसी' ठरलं होतं, पण ते नाव आधीच कुणीतरी वापरलं होतं, म्हणून 'फायनल' आलं.

शेवटचा म्हणवणाऱ्या या गेमचे पहिला धरून सोळा क्रमांकित भाग आले. पूर्ण मालिकेच्या जगभरात १८ कोटींपेक्षा जास्त प्रती गेल्या. २००३ मध्ये स्क्वेअर आणि तिची जुनी प्रतिस्पर्धी 'एनिक्स' या कंपन्या एक झाल्या आणि 'स्क्वेअर एनिक्स' तयार झाली.

या मालिकेची एक गंमत आहे. प्रत्येक क्रमांकाच्या गेममध्ये जग नवं, माणसं नवी, गोष्टही नवी. सहावा भाग संपवून सातवा सुरू केला तर ओळखीचं कुणीच भेटत नाही. सारखं राहतं ते थोडंच. चोकोबो नावाचा बसून फिरायचा पिवळा पक्षी, 'सिड' नावाचं कुठलं तरी पात्र, स्फटिक आणि नोबुओ उएमात्सु यांनी घालून दिलेल्या सुरावटी.

म्हणजे 'हा फायनल फँटसी वाटत नाही' असं म्हणताना चाहते गोष्टीबद्दल बोलत नसतात. गोष्ट तर दर वेळी बदलतेच. ते बोलत असतात खेळताना काय वाटतं त्याबद्दल.

'आपला डाव येईपर्यंत थांबा' हा काय प्रकार?

सुरुवातीचे फायनल फँटसी 'टर्न-बेस्ड' होते, म्हणजे आळीपाळीने खेळायचे. बुद्धिबळासारखं समजा. समोर राक्षस उभा आहे. तुमच्या गटात तीन-चार जण आहेत. प्रत्येकाने काय करायचं ते तुम्ही यादीतून निवडायचं. एक तलवार चालवेल, दुसरी आग फेकेल, तिसरी जखमा भरेल. मग समोरच्याचा डाव. बोटांच्या चपळाईपेक्षा इथे डोकं जास्त लागतं.

१९९१ च्या चौथ्या भागात यात थोडा बदल झाला. तुम्ही विचार करत बसलात तर शत्रू थांबणार नाही, अशी घड्याळाची घाई आली. पण निवडायचं मात्र यादीतूनच. ही पद्धत पुढे अनेक भाग टिकली. २००१ च्या दहाव्या भागात तर घड्याळ पुन्हा काढून टाकलं आणि निवांत विचार करायची सोय आली. आजही कित्येक चाहते त्याच भागाचं नाव सगळ्यात आधी घेतात.

२०१६ चा पंधरावा भाग आला तोवर डाव संपला होता. आता बटण दाबलं की लगेच वार. २०२३ चा सोळावा भाग तर पूर्णपणे ॲक्शन गेम. त्याची लढाई रचायला 'डेव्हिल मे क्राय ५'वर काम केलेले र्‍योटा सुझुकी यांना घेतलं होतं.

मग कंपनीने जुनी पद्धत का सोडली?

सोळाव्या भागाचे निर्माते नाओकी योशिदा यांनी मुलाखतींमध्ये याची कारणं मांडली होती. त्यांचा मुद्दा असा की, आमची पिढी यादीतून निवडून खेळत मोठी झाली. पण आजची मुलं बटण दाबताच पात्र हलणाऱ्या गेम्सवर वाढली आहेत. त्यांना 'थांबून निवडायचं कशाला?' हे कळत नाही.

दुसरं कारण चित्रांचं. जुन्या गेममधली माणसं चार ठिपक्यांची असायची. ती रांगेत उभी राहून एकेक करून वार करतायत, हे चालून जायचं. नाटकात पडद्यावर रंगवलेलं जंगल आपण जंगल मानतो, पण सिनेमात तोच पडदा चालत नाही. तसंच हे. माणसं हुबेहूब दिसायला लागली, मग ती आपला नंबर यायची वाट बघत उभी का राहतील?

या दोन्ही कारणांत तथ्य आहे. आणि गेम बनवायचा खर्च इतका वाढलाय की फक्त जुन्या चाहत्यांच्या भरवशावर तो निघत नाही. नवा खेळाडू हवाच.

पण हिशेब पूर्ण जुळला नाही. सोळाव्या भागाच्या पहिल्या आठवड्यात ३० लाख प्रती गेल्या हे खरं. मात्र २०२४ मध्ये कंपनीनेच मान्य केलं की, सोळावा भाग आणि सातव्या भागाचा नवा अवतार 'रिबर्थ', या दोघांकडून अपेक्षेइतकी कमाई झाली नाही. दोन्ही गेम सुरुवातीला फक्त प्लेस्टेशन ५ वर होते, हेही त्यामागचं एक मोठं कारण मानलं गेलं. त्यानंतर कंपनीने आपले गेम एकाच यंत्रापुरते न ठेवता सगळीकडे आणायचं धोरण जाहीर केलं.

खेळताना चाहत्यांना खटकलं काय?

सोळावा भाग खेळलेल्यांची मतं पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. लढाई वाईट आहे असं म्हणणारे कमीच. अजस्र दैवी प्राण्यांच्या झुंजी आणि मासायोशी सोकेन यांचं संगीत यांचं कौतुक टीकाकारांनीही केलं. तक्रार दुसरीच आहे. सबंध गेम तुम्ही क्लाइव्ह या एकाच नायकाला चालवता. सोबत माणसं येतात, लढतात, जातात, पण त्यांनी काय करायचं ते तुम्ही ठरवत नाही. हुकूम ऐकतो तो फक्त टॉर्गल नावाचा कुत्रा.

जुन्या भागांत असं नव्हतं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे १९९७ चा सातवा भाग. (तो अजून खेळायचा असेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.)

त्यात एरिथ नावाची मुलगी तुमच्या गटात असते. जखमा भरण्यात ती पटाईत. तासन्‌तास तुम्ही तिला शिकवता, तिच्यासाठी हत्यारं विकत घेता, हरत आलेली लढाई तिच्या जोरावर जिंकता. आणि गेमच्या मध्यावरच ती मारली जाते. लगेच पुढची लढाई सुरू होते, पण नेहमीचं लढाईचं संगीत वाजत नाही, तिचीच धून वाजत राहते. त्यानंतर यादी उघडली की तिचं नाव नसतं. जखमा भरायला ती नसते. पुढे कित्येक वर्षं तिला जिवंत करायची युक्ती सापडल्याच्या अफवा फिरत होत्या आणि लोक खरंच ती शोधत होते.

सिनेमातला मृत्यू आपण बघतो. इथे मात्र एक माणूस गमावल्याचा फटका पुढच्या प्रत्येक डावात बसतो. हे जमलं, कारण तिचा प्रत्येक निर्णय आधी तुम्ही घेतला होता. चाहते 'यादी परत आणा' म्हणतात, तेव्हा त्यांना बहुतेक हेच परत हवं असतं. सोबत्यांसाठी विचार करायची सवड.

मग ॲक्शन आली की आपलेपणा गेलाच का?

नाही. आणि इथे चाहत्यांचंही थोडं चुकतं.

पंधरावा भागच घ्या. लढाई ॲक्शनची, गोष्ट अर्धवट वाटते अशी टीकाही खूप झाली. तरी त्यातले चार मित्र लोकांच्या मनात राहिले. चौघं गाडीतून फिरतात. रात्री मुक्काम पडला की इग्निस स्वयंपाक करतो. प्रॉम्प्टो दिवसभर फोटो काढतो आणि संध्याकाळी ते तुम्हाला दाखवतो. शेवटच्या लढाईआधी त्यातला एकच फोटो सोबत न्यायला निवडायचा असतो. त्या एका फोटोसाठी लोक बराच वेळ स्क्रीनसमोर बसून राहिल्याच्या आठवणी आजही सांगतात. इथे यादी नव्हती, पण सवड होती.

उलट २००९ च्या तेराव्या भागात यादी होती. पण लढाईत निवड करायचं कामही एका बटणावर यंत्राकडे सोपवता यायचं आणि अकराव्या प्रकरणापर्यंत वाट जवळपास सरळ रेषेत जायची. तेव्हाही चाहत्यांनी हीच तक्रार केली होती.

तरुणांना थांबणं खरंच नको आहे का?

योशिदांचा तर्क पूर्ण खरा असता, तर आळीपाळीचे गेम एव्हाना संपायला हवे होते. झालं वेगळंच. सोळाव्या भागानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' आला. तो आळीपाळीचा. वर्षाचा पुरस्कार त्यालाच मिळाला. २०२४ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट ३' हा १९८८ चा गेम नव्या रूपात आला, तोही जुन्याच पद्धतीचा. वर्ष संपायच्या आत त्याने २० लाखांचा टप्पा ओलांडला.

सगळ्यात मजेदार उदाहरण 'याकुझा' मालिकेचं. ही आधीपासून रस्त्यावरच्या मारामारीची, म्हणजे ॲक्शनची मालिका. १ एप्रिल २०१९ रोजी 'सेगा'ने याकुझाच्या आळीपाळीच्या लढाईचा व्हिडिओ टाकला. लोकांना वाटलं एप्रिल फूल. पण २०२० मध्ये खरंच तसा गेम आला. त्याचा नायक चाळिशीतला, तुरुंगातून सुटलेला आणि लहानपणापासून ड्रॅगन क्वेस्टचा वेडा. त्याला प्रत्येक मारामारी त्या गेमसारखीच दिसते! त्या भागाने मालिकेला कितीतरी नवे खेळाडू मिळवून दिले.

आणि एक्स्पिडिशन ३३ ने चित्रांचा मुद्दाही निकालात काढला. त्यातली माणसं हुबेहूब दिसतात, तरी आपला डाव यायची वाट बघत उभी राहतात. फक्त शत्रूचा वार येताना अचूक वेळी बटण दाबून तो चुकवता येतो. जुनी पद्धत आणि नवी चपळाई एकाच ताटात.

वारा उलटाही वाहतोय. नेहमी आळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या पोकेमॉनने ऑक्टोबर २०२५ च्या 'लेजंड्स: झेड-ए' या भागात थेट ॲक्शनची लढाई करून पाहिली.

चाहत्यांचं ऐकायचं की नाही?

ऐकल्याचा फायदा याच मालिकेने पाहिलाय. २०१० मध्ये आलेला चौदावा भाग, म्हणजे ऑनलाइन गेम, सपशेल आपटला. तेव्हा योशिदांनाच बोलावलं गेलं. त्यांनी खेळाडूंची गाऱ्हाणी ऐकली, २०१२ मध्ये जुन्या गेमच्या जगाचा गोष्टीतच नाश घडवून सर्व्हर बंद केले आणि २०१३ मध्ये गेम नव्याने उभा केला. डिसेंबर २०२१ मध्ये तिथे इतकी गर्दी झाली की कंपनीला काही काळ गेमची डिजिटल विक्रीच थांबवावी लागली.

पण चाहते म्हणजे एक आवाज नव्हे. कुणाचा 'खरा' फायनल फँटसी सहावा, कुणाचा सातवा, कुणाचा दहावा. बहुतेकांचा खरा तोच, जो त्यांनी शाळेत असताना पहिल्यांदा खेळला. प्रत्येकाचं ऐकलं तर नवा गेम कधी बनणारच नाही.

सातव्या भागाचा नवा अवतार बनवणाऱ्यांनी हे गेममध्येच मांडलं. २०२० च्या 'रीमेक'मध्ये 'व्हिस्पर्स' नावाची भुतं आहेत. गोष्ट १९९७ च्या वाटेवरून जरा हलली की ती धावून येतात आणि सगळं मूळ जागी आणायला बघतात. बऱ्याच चाहत्यांनी त्यातून एकच अर्थ काढला, ही भुतं म्हणजे आपणच! काही चिडले, काही हसले.

आता या तीन भागांच्या नव्या अवतारातला शेवटचा भाग तयार होतोय. १९९७ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला खेळाडू आज चाळिशी ओलांडून गेलाय. शेवटी काय होणार हे त्याला माहीत आहे, किंवा माहीत आहे असं त्याला वाटतं. शेजारी बसून बघणाऱ्या त्याच्या मुलाला त्यातलं काहीच माहीत नाही. लढाई यादीची ठेवा किंवा बटणांची, पण त्या मुलालाही आपल्या सोबत्यांसाठी थांबून विचार करावासा वाटला पाहिजे. तो थांबला, तर वीस वर्षांनी तोही कुठल्यातरी नव्या भागाला नावं ठेवत म्हणेल, 'हा फायनल फँटसी वाटतच नाही.'