टेकडी राखली, त्याचे काय?

मंडळी, दिवाळीनंतर एका सोयरिकीच्या बोलणीसाठी पुण्याजवळ, कात्रजच्या अंगाला एका गावी जाणे झाले. गाव म्हणायचे ते आपले सवयीने. १९९७ साली पुणे महापालिकेत जी तेवीस गावे घेतली, त्यांतलेच हे एक. चहापाणी आटोपले तसे घरचे वडीलधारे तात्या म्हणाले, "पाव्हणं, चला, रान दाखवतो." मला वाटले ज्वारी-हरभरा बघायला मिळेल. तात्यांनी नेले ते थेट टेकडीवर.

पाच एकरांचा उतार. दगडी ताली घातलेल्या, गवत गुडघ्याला लागत होते. हिवर, बोरी, मोई, करवंदीच्या जाळ्या आणि बांधाला दोन जुने आंबे. तिथून खाली पाहावे तर नजर पोहोचेल तिथवर इमारती. शेजारच्या गटात मात्र डोंगराला यंत्राने खाच पाडून स्लॅबच्या खोल्यांची रांग उभी केलेली.

तात्या आंब्याखाली टेकले आणि म्हणाले, "आज्यानं कुणाला कुऱ्हाड लावू दिली नाही, म्हणून ही झाडं राहिली. आन् आमच्या वाट्याला काय आलं? आरक्षण. त्या शेजारच्यानं डोंगर फोडला, तो महिन्याला भाडं मोजतोय. तुम्ही शिकलेली माणसं. सांगा, शहाणा कोण?"

तीस वर्षे 'झाडे लावा, झाडे जगवा' सांगत गावोगाव फिरलो, पण त्या घडीला मला उत्तर सुचले नाही.

तात्यांची एक समजूत मात्र दुरुस्त केली पाहिजे. आरक्षण झाडे मोजून पडले नाही, टेकडी म्हणून पडले. शेजाऱ्याच्या गटावरही तेच आहे. त्याने ते जुमानले नाही, इतकेच. त्या तेवीस गावांतल्या टेकड्या बांधकामाविना राहाव्यात म्हणून साडेनऊशे हेक्टरांहून अधिक जमिनीवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण घातले आहे. यातली बरीच जमीन शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावरची. गावे महापालिकेत गेली १९९७ साली आणि शासनाने या आरक्षणावर शिक्कामोर्तब केले २०१५ साली. अठरा वर्षे मालक टांगणीला. मोबदला ठरला तो आठ टक्के टीडीआर. म्हणजे दहा हजार चौरस फूट जमीन सोडली, तर आठशे चौरस फूट बांधकामाचा हक्क कागदावर मिळणार, तो बांधकामवाल्याला विकायचा. रस्त्याला जमीन गेली तर याहून कितीतरी जास्त हक्क मिळतो. तात्यांचा राग इथला आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

पण म्हणून टेकडी फोडणारा शहाणा ठरत नाही. का, ते आपल्या शेताच्या हिशेबाने पाहा. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे एक लाख लिटर पाणी पडले. तात्यांच्या पाच एकरांवर पाच लाख लिटर. ताली, गवत आणि मुळे यांच्यामुळे त्यातले बरेचसे रेंगाळते, मुरते, खालच्या विहिरींना जाते. उतारावर काँक्रीट झाले की तेच पाणी तासाभरात ओढ्यात. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी बंदिस्त नळाने शहरातल्या हौदांत खेळवले होते. पुणे या डोंगरांचे पाणी प्यायलेले आहे. त्याच अंगाने वाहणाऱ्या आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला. त्या रात्रीच्या पावसाने पुणे परिसरात वीसच्या वर माणसे गेली, दावणीची जनावरेही गेली. पाऊस भयंकर होता, ओढ्याचे पात्र आवळलेले होते, सगळे खरे. पण वरचा एकेक उतार उघडा आणि टणक होत जातो, तसे खालच्याचे मरण जवळ येते. आणि ओढ्याकाठी राहणारे बहुधा गरीबच असतात.

झाडांचेही सगळेच गोड नाही. पुण्याच्या टेकड्यांवर जागोजाग गिरिपुष्प दिसेल, ज्याला आपण उंदीरमारी म्हणतो. भातखाचराच्या बांधाला ते सोने आहे. हिरवळीच्या खतासाठी मी स्वतः त्याचा प्रचार केला. पण टेकडीवर त्याचीच गर्दी झाली की बोर, हिवर, करवंद यांना जागा राहत नाही आणि गवत हटते. लांबून हिरवे दिसते म्हणून सगळे बरे चालले आहे असे नाही. तात्यांच्या उतारावर ते जवळजवळ नव्हते, याचे मला बरे वाटले.

आता तुमच्याकडे येतो. तालुक्याचे गाव वाढत वाढत तुमच्या शिवाराला टेकले असेल, तर गाव हद्दीत जाण्याची वाट बघू नका. आधी गायरान, देवराई, तळे आणि ओढ्याचा काठ यांची मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या. नाव कुणाचेच नसलेली जमीन सर्वांत आधी जाते. गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली राज्यांना दिलेला आहे. ग्रामसभेच्या ठरावात त्याचा दाखला द्या.

दुसरे, विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती-सूचनांना मुदत असते. ती थोडी असते आणि नेमकी सुगीत येते, असा माझा अनुभव. तात्यांच्या घरून तेव्हा कुणी अर्जच केला नाही. "जमीन राखतो, पण मोबदला किती आणि कधी" हे लेखी विचारण्याची जागा ती होती.

शहरी हद्दीत १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू असतो. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय स्वतःच्या अंगणातलेही झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला प्राचीन वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके तितकी नवी झाडे लावावी लागतात. तेव्हा आजोबांच्या हातच्या वड-आंब्यांची यादी घरात असू द्या. पण कायदा झाड धरतो, मोकळी जागा धरत नाही. बुंध्याला चिकटून फरशी घातलेले झाड कागदावर जिवंत असते आणि चार-पाच वर्षांत वाळते.

निघताना तात्यांना म्हटले, पाच एकर राखलेत त्याची भरपाई माझ्या हातात नाही, पण तालींचे दोन खांडवे पडलेत तेवढे बांधू. मृगाच्या आधी ए-फ्रेम घेऊन समतल चर आखायला मी जाणार आहे. "या, पण महापालिकेच्या साहेबाला पण घेऊन या," म्हणाले. सोयरिकीचे अजून नक्की झालेले नाही.