फराळात काय घातलंय, ते सांगा!

कोजागिरी झाली की घराघरांत भाजणीचं बोलणं सुरू होतं. आम्ही पत्रकार मंडळी दरवर्षी खव्यातली भेसळ आणि तेलाचे भाव यांच्या बातम्या देतो. पण ज्यांना शेंगदाणा, दूध किंवा गहू चालतच नाही, त्यांच्या दिवाळीबद्दल कुणी बोलत नाही. आज त्यावर.

आपल्याकडं अॅलर्जी म्हणजे नखरे. "एवढ्याशानं काय होतंय, खा की!" म्हणत पोराच्या हातावर चिवडा ठेवला जातो. शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असेल तर एका दाण्यानंही घसा सुजू शकतो, श्वास अडकू शकतो. वेळेत दवाखाना गाठला नाही तर जीवही जातो. हा आग्रह प्रेमाचा असला तरी धोक्याचाच.

दूध न पचणं वेगळं आणि दुधाची अॅलर्जी वेगळी. अॅलर्जी असेल तर "नुसतं साजूक तूपच आहे" हेही चालत नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहाराचा असतो, त्यात दूध नाही असा त्याचा अर्थ नव्हे.

गंमत म्हणजे आपला निम्मा फराळ थोड्या बदलानं सगळ्यांना चालेल असा होतो. चिवड्यात शेंगदाणे हवेतच असं कुठंय? अर्धा किलो पातळ पोह्यांना सुक्या खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, मिरची आणि चालत असेल तर डाळं. फोडणी सूर्यफुलाच्या तेलाची, घाण्याच्या शेंगदाणा तेलाची नको. चकलीची भाजणी तांदूळ आणि डाळींचीच असते. मोहन लोण्याऐवजी तेलाचं घाला. ओल्या नारळाची वडी दूध-खव्याशिवाय छान पडते, फक्त ताटाला तुपाऐवजी खोबरेल लावा. दूध-तूप सोडलेल्या व्हीगन पाहुण्यांचीही यात सोय होते.

ज्यांना गहू वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी मात्र दोन गोष्टी लपून बसतात. एक हिंग: बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो, पाकीट वाचा. दुसरी गिरणी: आधी कुणाचे गहू दळले असतील तर ते पीठ तुमच्या भाजणीत येतंच. घरघंटी असेल तर उत्तम, पण तीही आधी नीट साफ करा. आणि तळताना ताज्या तेलात चकली आधी, शंकरपाळी नंतर.

आता मुद्द्याचं. सीलबंद पाकिटावर घटक आणि अॅलर्जीचे पदार्थ लिहिणं कायद्यानं बंधनकारक आहे. सुट्या मिठाईसमोर 'कधीपर्यंत खावी' ही तारीख लावायचा नियम २०२० मध्ये आला. पण सुट्या फराळाच्या ढिगाऱ्यासमोर "यात शेंगदाणा आहे" एवढी पाटी आपल्या बाजारात दिसते का? फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या ताई आणि बचत गटांना हात जोडून विनंती: एक पुठ्ठा, एक मार्कर, चार शब्द. खर्च शून्य. उलट गिऱ्हाईक वाढेल. आणि नगरपालिकेनं दिवाळी स्टॉलला जागा देताना हीच एक अट घालावी.

बाकी आपण शेजारी ताट पाठवताना एवढंच विचारू: "तुमच्याकडं कुणाला काही वर्ज्य आहे का?"

तुमच्या घरी असं कुणी असेल तर कमेंटमध्ये लिहा. पटलं तर फराळ विकणाऱ्यांपर्यंत पोस्ट पोहोचवा.