रमजानचं किट आणि टीबीच्या घरातलं ताट

गेल्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यात रेशन किट भरायला मी बसले होते. साखर, शेवया, मैदा, खजूर, तेल, चहापत्ती, सरबताची एक बाटली आणि एक किलो डाळ. दुपारनंतर वाटप सुरू झालं. ओळीतली एक बाई माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, ‘‘बेटी, शेवया आणि सरबत राहू दे. त्याच्याऐवजी डाळ जास्त देशील का? पोराला छातीचं औषध चालू आहे.’’

‘छातीचं औषध’ म्हणजे टीबीचं, हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं. तो शब्द मात्र कुणी उच्चारत नाही. मी म्हणाले, ‘‘खाला, किट भरून झालीत, आता बदलता येणार नाही.’’ त्या काही बोलल्या नाहीत. पिशवी उचलली आणि गेल्या.

पुढे काही महिन्यांनी मी एका संशोधनाबद्दल वाचलं आणि माझं ते उत्तर मला टोचू लागलं. त्या बाईंना जे आपोआप कळलं होतं, तेच त्या संशोधनाने हजारो माणसांच्या अभ्यासातून सिद्ध केलं होतं. आज त्याबद्दलच लिहायचं आहे, कारण त्याचा आपल्या जकातीशी थेट संबंध आहे.

हा अभ्यास झारखंडच्या चार जिल्ह्यांत झाला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव या दांपत्याने तो पुढे नेला आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याला पाठबळ दिलं. त्याचं नाव ‘रॅशन्स’. निष्कर्ष ऑगस्ट २०२३मध्ये ‘लॅन्सेट’ आणि ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकांत आले. फुप्फुसाचा टीबी असलेले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं अभ्यासात होती. सगळ्या रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर दर महिन्याला दहा किलो शिधा दिला गेला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. मग घरांचे दोन गट केले. एका गटात शिधा फक्त रुग्णाला मिळाला. दुसऱ्या गटात घरातल्या प्रत्येकाला मिळाला: मोठ्या माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. असं सहा महिने चाललं आणि नंतरही या घरांवर लक्ष ठेवलं गेलं.

ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. दुसऱ्यांना लागण करू शकणारा फुप्फुसाचा टीबी तर ४८ टक्क्यांनी कमी झाला. ही किमया कुठल्या नव्या लशीची किंवा महागड्या औषधाची नव्हती. तांदूळ आणि डाळ पुरेशी मिळाली, एवढंच.

रुग्णांबाबतचा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे. उपचाराच्या सुरुवातीला दर पाचपैकी चार रुग्णांचं वजन कमी होतं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे फक्त दोन किलो.

असं का होतं? टीबीचे जंतू शिरलेला प्रत्येक माणूस आजारी पडत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांना टीबीची लागण झालेली आढळली. त्यांतल्या बहुतेकांना हा आजार आयुष्यात कधीच होणार नाही, कारण शरीर त्या जंतूंना दाबून ठेवतं. त्यासाठी शरीरात ताकद लागते. पोट सतत अर्धं राहिलं की हा पहारा ढिला पडतो. मधुमेह, तंबाखू, दारू, एचआयव्ही हीही कारणं आहेत, पण आपल्या देशात कुपोषणाचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला. त्यांतला चौथ्या हिश्श्याहून अधिक भार एकट्या भारतावर होता.

खरं तर जुन्या लोकांना ही गोष्ट ठाऊक होती. आमच्या मिरजेजवळ वानलेसवाडीला टीबीचं सॅनेटोरियम होतं. औषधं नव्हती तेव्हा अशा ठिकाणी मोकळी हवा, विश्रांती, दूध आणि अंडी हाच उपचार असे. मग औषधं आली. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या केंद्राने एक मोठा प्रश्न तपासला: रुग्णाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं काय किंवा घरी ठेवून गोळ्या दिल्या काय, फरक पडतो का? १९५९मध्ये उत्तर आलं की जवळजवळ पडत नाही. घरचं जेवण निकृष्ट असूनही औषधांनी माणसं बरी होत होती. त्या अभ्यासाने जगभरातल्या लाखो गरिबांना घरी राहून उपचार घेता आले आणि सॅनेटोरियमं हळूहळू बंद पडली.

तो अभ्यास चुकीचा नव्हता. पण त्यातून आपण काढलेला अर्थ अपुरा होता. औषध जेवणावाचूनही काम करतं, यावरून जेवणाची गरजच नाही असं आपण मानून बसलो. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळत राहिल्या आणि ताट ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलं गेलं. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या दवाखान्यात आलेल्या टीबी रुग्णांचा एक अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचं मध्यक वजन ४२ किलो आणि बायकांचं ३४ किलो निघालं. चौतीस किलो! आपल्याकडे दहा-अकरा वर्षांच्या मुलीचं वजन एवढं असतं.

हा आकडा वाचून मला आपल्या घरांतली एक सवय आठवली. आधी पुरुष जेवतात, मग मुलं आणि उरलं तर बाई. सून असेल तर सगळ्यांत शेवटी. टीबीचं नाव निघालं की तिच्यासाठी वेगळं ताट आणि वेगळा पेला येतो, नाहीतर तिला थेट माहेरी पाठवतात. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर आजारच दडवतात, गोळ्या पिठाच्या डब्यामागे ठेवतात. ताटवाटीतून टीबी पसरत नाही. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो आणि योग्य उपचार सुरू झाले की साधारण काही आठवड्यांत पसरण्याची शक्यता खूप कमी होते. म्हणजे ताट वेगळं करून काहीच साधत नाही. उलट त्या ताटात काय आणि किती पडतं, यावर तिचा जीव अवलंबून असतो.

आता जकातीकडे येते. रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यांत किती पैसा हलतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. जकात, फित्रा, सदका, लिल्लाह. आमच्या छोट्याशा गटाने गेल्या वर्षी सव्वाशे किट वाटली. एकेक किट साधारण बाराशे रुपयांचं, म्हणजे दीड लाख रुपये. ते किट दहा-बारा दिवसांत संपतं. ईद होते आणि पुढचे अकरा महिने त्या घराचा दरवाजा कुणी वाजवत नाही.

झारखंडच्या अभ्यासात २०१९च्या किमतीने रुग्णामागे महिन्याला सुमारे तेरा डॉलर आणि घरातल्या प्रत्येक माणसामागे चार डॉलर खर्च आला. म्हणजे रुग्ण आणि घरातली चार माणसं मिळून महिन्याला सुमारे दोन हजार रुपये, सहा महिन्यांना बारा हजार. आता महागाई धरून पंधरा-सोळा हजार म्हणा. किटचं काम बंद करा असं मी म्हणत नाही. त्या पैशातला फक्त एक तृतीयांश बाजूला काढला, तरी आमच्यासारखा लहान गटही टीबीच्या तीन घरांना सहा महिने पोटभर जेवू घालू शकतो. संशोधकांच्या हिशेबाप्रमाणे अशा तीस घरांना शिधा दिला, तर टीबीचा एक नवा रुग्ण टळतो. एखाद्या शहरातल्या दहा मशिदींच्या कमिट्यांनी तीन-तीन घरं घेतली की तीस घरं होतात.

‘‘हे काम सरकारचं आहे,’’ असं कुणी म्हणेल. आहेच. निक्षय पोषण योजनेत २०१८पासून रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४पासून ते १,००० झाले. हे पैसे हक्काचे आहेत. ते खात्यात येतात की नाही, हे बघणं आणि नसतील येत तर टीबी केंद्रात जाऊन विचारणं, हेही तरुणांचंच काम आहे. पण पाच जणांच्या घरात हजार रुपयांत एकाचंही महिनाभराचं सकस जेवण अवघड आहे. सरकारचीच ‘निक्षय मित्र’ नावाची सोय आहे. कुणीही माणूस, गट किंवा संस्था नोंदणी करून रुग्णाला शिधा पुरवू शकते आणि आता त्यात रुग्णाच्या घरच्यांनाही धरलं आहे. वेगळी संस्था काढायची गरज नाही.

दुसरा प्रश्न शरीयतचा येईल. जकातीच्या आठ हक्कदारांत फकीर आणि मिस्कीन सगळ्यांत आधी येतात. उपाशीपोटी गोळ्या गिळणारा हमाल मिस्कीन नसेल तर कोण? सहा महिन्यांत हप्त्याने देण्याबद्दल शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा, पण विचारताना हे संशोधनही त्यांच्यापुढे ठेवा. आणि शेजारचं घर मुसलमानाचं नसेल तर? तिथे सदका आणि लिल्लाह आहेच. टीबी धर्म विचारून घरात शिरत नाही. आपण डाळ देताना तरी का विचारावं?

रोज्यांबद्दलही बोललं पाहिजे. आजारी माणसाला रोजे पुढे ढकलण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. तरीही ‘लोक काय म्हणतील’ म्हणून टीबीचे रुग्ण रोजे धरतात, कुणी गोळ्याही चुकवतात. पहिल्या दोन महिन्यांतलं वजन किती मोलाचं असतं, ते वर आलंच आहे. त्या काळात रमजान आला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये, हे जुम्म्याच्या बयानात एकदा जरी सांगितलं, तरी कितीतरी घरांवरचं ओझं उतरेल.

काही मर्यादाही सांगायला हव्यात. झारखंडमधली ही घरं अत्यंत गरीब होती. जिथे मुळात पुरेसं खायला आहे, तिथे एवढा फरक दिसेलच असं नाही. मधुमेह असलेल्याला भाताची गोणी देऊन भागणार नाही, त्याचा शिधा डॉक्टरांना विचारून ठरवावा लागेल. जेवणाने औषधाची जागा घेता येत नाही, पूर्ण कोर्स करावाच लागतो. आणि नुसत्या डाळीने सगळं सुटणार नाही. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या वसाहतींत इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही. तिथल्या टीबीचा या बांधणीशी संबंध असल्याचं अभ्यासकांनी दाखवलं आहे. तो लढा महापालिकेशी आहे आणि तोही लढावाच लागेल. पण शिधा आपल्या हातात आहे, आणि तो आजपासून देता येतो.

फक्त पद्धत बदलावी लागेल. टीबीच्या घराला ओळीत उभं करता येणार नाही. फोटो नको, बॅनर नको, मशिदीत नावं वाचणं तर मुळीच नको. आशाताई किंवा टीबी केंद्राच्या कर्मचाऱ्यांमार्फत, रुग्णाच्या संमतीने, दर महिन्याला किराणा गुपचूप घरपोच गेला पाहिजे. किराणा पोचवणाऱ्याने एक प्रश्न न चुकता विचारावा: ‘‘गोळ्या चालू आहेत ना? वजन किती झालं?’’ आणि शिधा घरातल्या सगळ्यांपुरता हवा. एकट्या रुग्णापुरता दिला तर आई तो पोराला वाढेल आणि स्वतः उपाशी राहील. पुढचा रुग्ण तीच असेल.

येत्या रमजानसाठी मी आमच्या गटापुढे दोन गोष्टी मांडल्या आहेत. किटमधलं सरबत आणि मैदा काढून डाळ, शेंगदाणे आणि अंड्यांचे पैसे घालायचे. आणि तीन घरांची सहा महिन्यांची जबाबदारी घ्यायची. पहिल्याला सगळे लगेच हो म्हणाले. दुसऱ्यावर वाद चालू आहे. ‘‘सव्वाशेची ऐंशी किट झाली तर लोक नाराज होतील,’’ असं काहींचं म्हणणं आहे. होतील. मी त्यांना त्या खालांची गोष्ट सांगितली आणि नाही म्हणणारी मीच होते, हेही सांगितलं.

तुमच्या मोहल्ल्यातही किटची यादी लवकरच बनेल. यादी करणाऱ्याला फक्त एवढं विचारा: यातल्या कुठल्या घरात छातीचं औषध चालू आहे, हे आपल्याला माहीत आहे का? आणि माहीत नसेल, तर ते आपल्याला विश्वासाने सांगावं असं आपण आजवर काय केलं?