आकडा अर्धाच असतो



ईदनंतर चार दिवस मोखाड्याला आपाकडे राहून आले. या सदरात आपण दर महिन्याला घरातल्या संगणकाविषयी बोलतो. या वेळचा विषय मला आपाच्या घरीच सापडला.

आपाचा मुलगा अकरावीत आहे. घरात जुना, दुसऱ्या हाताचा संगणक आहे. असरनंतर तो त्याच्यापुढे बसला की मगरिबपर्यंत उठत नाही. आपा म्हणाली, "तू संगणकवाली ना, मग तूच समजव त्याला. सारखी आगगाडी चालवत असतो." दुल्हाभाई टेम्पो चालवतात. मोखाड्याहून तोरंगण घाटातून त्र्यंबक, नाशिक ही त्यांची नेहमीची फेरी. ते एवढंच म्हणाले, "ज्या गावात रूळ नाही, तिथला पोरगा रेल्वे चालवतोय."

बोलणं खोटं नव्हतं. जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत रेल्वेचा एक मीटरही रूळ नाही. गाडी पकडायची तर एका अंगाला डहाणू किंवा पालघर, दुसऱ्या अंगाला खोडाळा, विहिगाव करत कसारा.

मी भाच्याशेजारी जाऊन बसले. तो 'ओपन रेल्स' नावाचा खेळ खेळत होता. हा संगणकावर फुकट मिळतो, मार्ग मात्र वेगळे उतरवून घ्यावे लागतात. भाचा रडकुंडीला आला होता. "खाला, बघ ना. घाट उतरताना गाडी थांबतच नाही. रोज लाल सिग्नल ओलांडून जाते. ब्रेकच खराब दिलाय यांनी."

मी विचारलं, "वेग किती ठेवतोस?"

"तीस. कल्याणच्या भाईने सांगितलंय, घाटात तीसच्या वर जायचं नाही. हे बघ, वहीत लिहिलंय."

वहीत ३० लिहिलं होतं आणि पडद्यावरही ३० दिसत होतं. पण पडद्यावरच्या ३० पुढे बारीक अक्षरांत मैल होतं. त्याने आधी एक अमेरिकी मार्ग चालवला होता आणि मोजमापाची निवड तशीच राहून गेली होती. कल्याणच्या भाईचे ३० किलोमीटरचे होते. ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर.

तुम्ही म्हणाल, अठराच किलोमीटरचा फरक, त्याने काय होतं? गोम इथेच आहे. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला तर ब्रेकला चौपट काम पडतं. ३० च्या जागी ४८ म्हणजे वेग १.६ पट, आणि ब्रेकवरचं काम अडीच पटीहून जास्त. उतारावर तर गाडीचं वजनही पुढे ढकलत असतं. ब्रेक खराब नव्हता. वहीतला आकडा अर्धाच लिहिलेला होता, त्याचं एकक वहीत नव्हतं.

खेळ सुरू होताना जी खिडकी येते, तिच्यात पर्यायांचं बटण असतं. तिथे दोन गोष्टी निवडता येतात. एक दाबाचं एकक आणि दुसरं बाकीची मोजमापं. आपल्याकडच्या गाड्यांसाठी बाकीची मोजमापं मेट्रिक ठेवावीत, आणि दाबासाठी दर चौरस सेंटीमीटरला किलो हे एकक निवडावं. भारतीय रेल्वेत ब्रेकच्या नळीतला दाब याच एककात मोजतात आणि तो साधारण ५ असतो. हाच दाब अमेरिकी पीएसआयमध्ये ७१ दिसेल आणि बारमध्ये ४.९. तिन्ही आकडे वेगळे, हवा तीच.

ब्रेकची गंमतही भाच्याला उलगडून सांगितली, कारण ती पहिल्यांदा उलटी वाटते. नळीत हवा भरली की ब्रेक सुटतो, आणि हवा सोडली की ब्रेक लागतो. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८७२ मध्ये ही रचना आणली. फायदा असा की डबे तुटून वेगळे झाले आणि नळी फाटली, तर हवा निघून जाते आणि गाडी आपोआप थांबते. म्हणून पडद्यावरचा दाब ५ वरून खाली जाऊ लागला की समजायचं, ब्रेक लागतो आहे.

आता कळा. खेळात कळांची यादी लांबलचक आहे. ती एफ १ दाबली की समोर येते. पण सुरुवातीला पाठ कराव्यात अशा थोड्याच. 'डी'ने जोर वाढतो, 'ए'ने कमी होतो. 'डब्ल्यू'ने पुढची दिशा, 'एस'ने मागची. 'एल'च्या उजवीकडे सेमीकोलन आहे, त्याने गाडीचा ब्रेक सुटतो. त्याच्या शेजारच्या अपॉस्ट्रॉफीने तो लागतो. दोन्ही कळा एकमेकींना चिकटून आहेत आणि काम अगदी उलट. घाईत बोट घसरलं की घात. स्पेसबार म्हणजे भोंगा, बॅकस्पेस म्हणजे आणीबाणीचा ब्रेक. विजेच्या इंजिनावर 'पी' दाबल्याशिवाय वरच्या तारेला टेकणारा दांडा वर जात नाही, आणि पुष्कळ मुलं "गाडी चालूच होत नाही" म्हणून इथेच अडकतात. एफ ४ दाबलं की वेग, पुढचा सिग्नल आणि चढ-उतार दाखवणारी चौकट उघडते.

आमच्या भाच्याला या कळा माझ्यापेक्षा चांगल्या येत होत्या. बोटं सराईत होती. समोरचा आकडा कशाचा आहे, हे डोळे पाहत नव्हते.

एकक बदललं, वेग खरोखर ३० वर आणला, तरी गाडी दुसऱ्यांदाही निसटली. आता मलाही कळेना. तेवढ्यात इशाची नमाज पढून दुल्हाभाई आले आणि मागे उभे राहिले. भाचा ब्रेक लावत होता, सोडत होता, परत लावत होता. ते पाहून दुल्हाभाई म्हणाले, "असा ब्रेक मारत घाट उतरतात का रे? तोरंगणला मी असं केलं तर टेम्पो खालच्या वळणावर दरीत जाईल. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. गाडी इंजिनाने आवरायची, ब्रेक शिल्लक ठेवायचा."

रेल्वेतही नेमकं हेच आहे. प्रत्येक डब्याखाली हवेची एक टाकी असते. ब्रेक पुन्हा पुन्हा लावला आणि सोडला, तर ती भरायला वेळ मिळत नाही आणि ब्रेकचा जोर उतरत जातो. म्हणून उतारावर इंजिनाचा डायनॅमिक ब्रेक वापरतात. त्यात चाकं फिरवणाऱ्या मोटरी उलट वीज तयार करू लागतात आणि त्या कामातच गाडीचा वेग आवरतो. आताच्या विजेच्या इंजिनांत ही वीज परत तारेत जाते. खेळात आधी 'ए'ने जोर शून्यावर आणायचा, मग पूर्णविरामाची कळ दाबून हा ब्रेक वाढवायचा आणि स्वल्पविरामाने कमी करायचा. भाच्याने तसं केलं. त्या रात्री गाडी सिग्नलच्या अलीकडे उभी राहिली.

दुल्हाभाई खुर्ची ओढून बसले. विचारू लागले, "कसाऱ्याचा घाट किती चढाचा असतो?" कसारा ते इगतपुरी हा थळ घाट सदतिसास एक आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. एफ ४ च्या चौकटीत हाच चढ २.७ टक्के असा दिसतो. एक हजार टनांची गाडी या चढावर सत्तावीस टनांच्या ओढीने मागे खेचली जात असते. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात आणि ती गाडीला वर ढकलतात. हे ऐकून दुल्हाभाई म्हणाले, "म्हणजे भरलेला टेम्पो मागून धक्का देऊन चढवायचा." मी म्हटलं, अगदी तसंच.

एकक विसरल्याने खेळातली गाडी निसटली तर पुन्हा सुरू करता येते. बाहेरच्या जगात तसं नसतं. १९८३ च्या जुलैत एअर कॅनडाचं एक कोरं बोइंग ७६७ विमान आकाशात असताना इंधन संपून बंद पडलं. लिटरचं वजन काढताना किलोचा आकडा घ्यायच्या जागी पौंडाचा घेतला गेला होता, त्यामुळे लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्यापेक्षाही कमी इंधन भरलं गेलं. वैमानिकांनी इंजिनाशिवाय विमान तरंगत खाली आणून गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. कोणी दगावलं नाही, पण कारण फक्त एवढंच होतं, आकडा बरोबर आणि एकक चूक.

आपल्या घरातही हे रोज घडतं. सातबाऱ्यावर जमीन हेक्टर आणि आरमध्ये, बोलताना मात्र गुंठे आणि एकर. बाजारात वरई-नागली किलोवर, नानीच्या तोंडी अजून पायली. सराफ आज तोळा म्हणतो तेव्हा १० ग्रॅम धरतो. जुना तोळा मात्र ११.६६ ग्रॅमचा. म्हणूनच निसाबाचं साडेसात तोळे सोनं ७५ ग्रॅम होत नाही, ८७.४८ ग्रॅम होतं. जकातीचा हिशेब करताना घरातल्या किती जणांनी ही चूक केली असेल, आठवून पाहा.

आता आपाच्या मूळ प्रश्नाकडे येते. खेळू द्यायचं की नाही? खेळ खेळून कोणी रेल्वेचालक होत नाही, हे मी भाच्याला स्पष्ट सांगितलं. पण त्याला खरंच व्हायचं असेल तर वाट आहे. सहायक लोको पायलटच्या भरतीसाठी दहावीनंतर ठरावीक ट्रेडमधला आयटीआय किंवा अभियांत्रिकी पदविका लागते आणि वयाची १८ वर्षं पूर्ण असावी लागतात. जव्हारला सरकारी आयटीआय आहे. लेखी परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्याच्या अभ्यासक्रमात एकके, मोजमापे, वस्तुमान, कार्य, शक्ती, ऊर्जा, वेग हे विषय नावानिशी दिलेले आहेत. खेळात भाचा जिथे अडला, तोच धडा तिथे आहे.

आणखी एक गोष्ट आधी तपासा, डोळे. या पदाला चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची नजर पूर्ण लागते, रंग अचूक ओळखता यावे लागतात, आणि लेसरने नंबर उतरवलेला चालत नाही. दोन-चार वर्षं अभ्यास करून शेवटी वैद्यकीय तपासणीत घरी यावं लागण्यापेक्षा आत्ताच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन यावं. आपाने दुसऱ्याच दिवशी ते मनावर घेतलं. खेळासाठी दिवसाला एक तास ठरला, आणि तोही गृहपाठ झाल्यावर.

निघताना भाच्याची वही पाहिली. जुन्या ३० पुढे त्याने लाल पेनने किमी/तास लिहिलं होतं. खाली वडिलांचं वाक्यही उतरवलं होतं, ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं.

या महिन्याचं काम सोपं आहे. मुलं संगणकावर किंवा मोबाइलवर जो खेळ खेळतात, त्यातला एक आकडा निवडा आणि शेजारी बसून विचारा, "हा कशाचा?" उत्तर आलं नाही तर रागावू नका. दोघं मिळून शोधा. कदाचित उत्तर तुमच्याच कामात दडलेलं असेल.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.